माशाच्या अंगावरची बुळबुळ पुसू नका

सकाळी साडेसहाला मामाचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. एकतर गावाकडं कुणाचं तरी काहीतरी झालेलं असतं, नाहीतर तळ्यात. त्या दिवशी तळ्यात होतं.

"पोरी, मासं सारखं उड्या मारायला लागल्यात, आन कडंला येऊन कागदाला अंग घासत्यात. खायला बी नीट येईनात."

मामाचं शेततळं इंदापूर तालुक्यात आहे, ३० बाय ३० चं, आत कागद टाकलेला. खोदलं डाळिंबासाठी, पण गेली तीन वर्षं त्यात रोहू, कटला आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडतो. मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकले त्यामुळे घरात माशांचं काही झालं की फोन मलाच. मी म्हटलं मामा दोनचार मासे धरा, पांढऱ्या टबात पाण्यासकट ठेवा आणि पराच्या बुडाशी, पोटाखाली नीट बघा काही हलतंय का, फोटो पाठवा. दहा मिनिटात फोटो आला आणि बघितल्या बघितल्या कळलं, आरगुलस. मासळीची ऊ.

रविवारी पुण्याहून सकाळची एसटी धरून गेले. फेब्रुवारी संपत आलेला, सकाळी थंडी आणि दुपारी पाठ भाजतीय असं ते विचित्र ऊन. जाळं ओढलं, एक रोहू ओल्या हातावर घेतला, सहाशे ग्रॅमचा असेल. छातीच्या पराच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढ्या चपट्या, आरपार दिसणाऱ्या गोल गोल गोष्टी चिकटलेल्या, आणि प्रत्येकीवर दोन काळे ठिपके. ते तिचे डोळे. नखानं एक सोडवून स्टीलच्या वाटीत पाण्यात टाकली तर ती लगेच गरगर पोहायला लागली, वाटीच्या कडेनं, मग मध्ये येऊन गिरकी घेऊन परत कडेला. मामाचा नातू बघून म्हणाला, "आत्या, हे नाणं पवतंय!" खरंच तसंच दिसतं. मोबाईलच्या कॅमेऱ्याला भिंग लावून बघितलं तर खालच्या बाजूला दोन गोल चूषक, म्हणजे चिकटून बसायचे पेले, आणि त्यांच्या मधोमध एक बारीक सुई. ती सुई ऊ माशाच्या कातडीत खुपसते, आतलं काहीतरी सोडते आणि रक्त नि पेशींचा रस ओढून घेते. सुई काढून दुसरीकडे सरकली की मागे लाल ठिपका राहतो.

आम्ही दहा मासे मोजले. सगळ्यात कमी उवा असलेल्यावर ६ होत्या, सगळ्यात जास्त असलेल्यावर ३८.

आता हे सगळं लिहायला बसण्याचं खरं कारण वेगळंच आहे. पंपाच्या खोलीत मला एक लिटरची बाटली दिसली. मामा म्हणाला, "लस हाय माशाची. खाद्यातनं द्यायची. आठराशे घेतलं." ज्यानं विकली त्यानं तोंडानं लसच म्हणून सांगितलं होतं, एकदा दिली की उवा परत येत न्हाईत म्हणून. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं व्हिटॅमिन सी, यीस्टचा अर्क, खनिजं. त्यात वाईट काही नाही, माशाला व्हिटॅमिन सी लागतंच. पण ती लस नाही. उवेविरुद्ध रोहूला द्यायची लस आज आपल्या देशात कुठल्याच दुकानात मिळत नाही. मामानं दोन महिने ती बाटली खाद्यातून दिली आणि लस दिलीय म्हणून तळ्याकडं तेवढं लक्ष दिलं नाही. मला आठराशे रुपयांपेक्षा त्या दोन महिन्यांचं जास्त वाईट वाटलं.

बाटली बघून मामानं मला सरळ प्रश्न केला, "मंग माशाला लस नसतीच का? त्याला काय आठवण राहती का रोगाची?" बांधावर उभं राहून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथं लिहितेय, कारण हाच प्रश्न मला गेल्या वर्षभरात निदान पाचसहा शेतकऱ्यांनी विचारलाय.

तर राहते. माशाला आठवण राहते. माशाला आपल्यासारखी हाडात रक्त तयार करणारी मज्जा नसते, आपल्या काखेत जांघेत असतात तशा गाठी नसतात, पण त्याच्याकडे प्लीहा असते, थायमस असते, आणि डोक्याच्या लगेच मागे मूत्रपिंडाचा जो पुढचा भाग असतो तिथं रक्ताच्या आणि प्रतिकाराच्या पेशी तयार होतात. अँटिबॉडी, म्हणजे जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं असतात. पांढऱ्या पेशी असतात. एकदा एखाद्या जंतूशी गाठ पडली की दुसऱ्या वेळेला तो जास्त लवकर आणि जास्त जोरात उत्तर देतो. फक्त एक मोठा फरक आहे, मासा थंड रक्ताचा, त्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती पाण्याच्या तापमानावर चालते. पाणी गार झालं की सगळंच सावकाश. म्हणून थंड पाण्यातल्या सामन (सॅल्मन) माशाला लस दिल्यावर ती लागू पडायला किती दिवस लागतील हे नुसत्या दिवसांत मोजत नाहीत, दिवस गुणिले तापमान असं मोजतात. साधारण ५०० चा आकडा धरतात, म्हणजे पाणी १० अंश असेल तर ५० दिवस, ५ अंश असेल तर १००. ही पद्धत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा इतकी आवडली होती की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती.

पण अँटिबॉडीच्याही आधी जे आहे ते आपण रोज हातानं पुसून टाकतो. बुळबुळ. मासा हातातून निसटतो तो ज्याच्यामुळे तो चिकटा. आपली कातडी वरून मेलेल्या पेशींची असते, कोरडी, टणक. माशाची कातडी वरच्या थरापर्यंत जिवंत पेशींची असते आणि त्या पेशींना पाण्यापासून, पाण्यातल्या सगळ्या जीवजंतूंपासून वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे हा चिकटा. त्यात जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं, जंतूंना चिकटून त्यांचा गोळा करणारी प्रथिनं असतात, अँटिबॉडी असतात, आणि तो सारखा वाहत, बदलत राहतो, त्यामुळे वर बसलेलं बरंच काही त्याच्याबरोबर धुऊन जातं. मला विचाराल तर माशाचं सगळ्यात मोठं प्रतिकाराचं ठिकाण हीच कातडी आणि कल्ले. आणि मामाच्या गड्यानं काय केलं होतं? उवा दिसल्यावर वीस पंचवीस मासे धरून ओल्या गोणपाटानं खसाखसा पुसून काढले होते. चांगल्या मनानं केलं, उवा निघाल्याही. पण त्यातले काही मासे मी गेले तेव्हा टबात वेगळे ठेवले होते, पाठीवर खवलं गेलेली, मध्ये लालभडक जखम आणि कडेनं पांढुरकं. उवांनी त्यांना एवढं केलं नव्हतं, गोणपाटानं केलं होतं.

माशाच्या आठवणीचं सगळ्यात सुंदर उदाहरण उवेचं नाहीच आहे, ते पांढऱ्या ठिपक्यांचं आहे. ज्यांच्या घरी काचेचा टँक आहे त्यांनी हे बघितलं असेल, माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दाणे येतात आणि चार दिवसात टँक रिकामा होतो. तळ्यातही होतं. हा इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय जीव, नाव अवघड आहे म्हणून सगळे नुसतं इक म्हणतात. तो कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो, तिथं बसून खातो, मोठा होतो, मग बाहेर पडून तळाशी जाऊन कवच करतो आणि त्या एकाचे शेकडो होऊन परत मासे शोधायला निघतात. उपचारही म्हणून अवघड, कातडीत बसलेला असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो बाहेर पोहत असतो तेवढ्याच वेळात काय ते करायचं.

पण या रोगातून जो मासा वाचतो तो पुढं बराच काळ त्याला दाद देत नाही. हे खूप जुन्या काळापासून माहीत होतं, कसं ते अमेरिकेत क्लार्क आणि डिकरसन या शास्त्रज्ञांनी कॅटफिशवर काम करून दाखवलं. या जीवाच्या अंगभर एक प्रथिन असतं, वाचलेल्या माशाच्या अंगात त्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार होते आणि ती कातडीत, चिकट्यात हजर असते. आपल्याला वाटेल अँटिबॉडी लागली म्हणजे तो जीव मरत असेल. १९९६ मध्ये त्यांनी जे छापलं ते वेगळंच होतं, अँटिबॉडीनं त्याच्या अंगावरची ती प्रथिनं एकमेकांना बांधली की तो जीव मरत नाही, तो बसलेली जागा सोडून स्वतःच माशाच्या कातडीतून बाहेर निघून जातो. वेळ झालेली नसताना, पोट भरलेलं नसताना. माशाची कातडी त्याला मारायच्या भानगडीत पडत नाही, घर सोडायला लावते. मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो, एवढ्या छोट्या कातडीत एवढी नेमकी व्यवस्था.

आणि गंमत म्हणजे चिकट्यात काम करणारी माशांची स्वतःची एक खास अँटिबॉडी आहे, हे आपल्याला २००५ पर्यंत माहीतच नव्हतं. तोपर्यंत माशाकडे मुख्यतः आयजीएम नावाची अँटिबॉडीच आहे असं धरलेलं. २००५ ला ट्राउट आणि झेब्राफिशमध्ये एक नवा प्रकार सापडला, ट्राउटमधल्याला आयजीटी म्हणतात. ती नेमकी कशासाठी हे २०१० ला कळलं, तेही एका परजीवीमुळेच. आतड्यात शिरणारा एक परजीवी झालेल्या ट्राउटमध्ये बघितलं तर रक्तात आयजीएम वाढलेली आणि आतड्यात मात्र आयजीटी. मग २०१३ ला कातडीवर तेच बघितलं, यावेळी पांढऱ्या ठिपक्यांचा इक वापरून, आणि तिथंही आयजीटीच. म्हणजे रक्ताची राखण वेगळी आणि चिकट्याची राखण वेगळी. याचा लसीशी थेट संबंध आहे, पोटात सुई टोचून रक्तात भरपूर अँटिबॉडी आल्या तरी कातडीवर त्या तेवढ्या पोचतीलच असं नाही, आणि आपले शत्रू तर कातडीवरच बसतात.

मग इकची लस का नाही? प्रयोगात जमते. जिवंत परजीवी ठरावीक प्रमाणात पोटात टोचले तर मासे पुढच्या हल्ल्यातून वाचतात. पण तो जीव माशाशिवाय वाढत नाही, जंतू जसे मोठ्या टाकीत रसावर वाढवता येतात तसा वाढवता येत नाही, म्हणजे लस बनवायला मासे आजारी पाडत बसावं लागेल. म्हणून त्या एका प्रथिनावरून लस बनवायची धडपड चालू आहे.

आता उवेकडे येते. इक हा एका पेशीचा जीव, त्याच्या सगळ्या अंगावर तेच प्रथिन. ऊ म्हणजे आख्खा प्राणी, कोळंबी खेकड्यांच्या नात्यातला, टणक कवचाचा, आणि बाहेर बसलेला. माशाच्या आत येते ती फक्त तिची सुई आणि तिची लाळ. तेवढ्यावरून तिला ओळखून तिच्याविरुद्ध काही करायचं म्हणजे अवघड काम. वर तिच्या लाळेत जे असतं ते माशाची सूज, आग, प्रतिकार दाबून ठेवायला मदत करतं, समुद्रातल्या सामनवरच्या वेगळ्या जातीच्या उवेत हे नीट अभ्यासलं गेलंय. आपल्याकडे भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगाला सिफा म्हणजे केंद्र सरकारची गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची संस्था आहे, तिथं रोहू आणि आरगुलसवर भरपूर काम झालंय. उवा लागलेल्या रोहूच्या रक्तात जंतू मारणाऱ्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांची ताकद घटलेली दिसली. तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१३ ला नुकसानीचा अंदाज काढला होता, हेक्टरी वर्षाला साडेएकोणतीस हजार रुपयांच्या आसपास, आणि देशाचं मिळून ३०० कोटींच्या घरात. रोहू कटला पाळणाऱ्याला लाल ठिपके म्हणजे किरकोळ वाटतात, पण हा आकडा किरकोळ नाही.

जनावरं पाळणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली की उवेची लस कशी असू शकते ते पटकन कळतं. गोचीड. गोचिडाविरुद्ध लस आहे, ऑस्ट्रेलिया आणि क्युबा दोन्हीकडे १९९० च्या दशकात ती बाजारात आली. त्यातली युक्ती अशी की गोचिडाच्या लाळेतलं काही न घेता तिच्या आतड्याच्या भिंतीवरचं एक प्रथिन घेतलं. गायीच्या शरीराला ते एरवी कधीच दिसत नाही, त्यामुळे ते लपवायची गोचिडाला कधी गरजच पडलेली नाही. गायीला ते टोचलं की गायीच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, गोचीड रक्त पिते, रक्ताबरोबर अँटिबॉडी पिते आणि तिचं आतडंच आतून खराब होतं. मरतात त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे अंडी कमी घालतात. हे ऐकल्यावर मामा म्हणाला, "म्हंजी रगताचंच औषिद करायचं." एका ओळीत सगळं आलं.

हीच वाट माशाच्या उवेसाठी धरलेली आहे. सिफाच्या लोकांनी आरगुलसचं पी-झिरो नावाचं एक प्रथिन प्रयोगशाळेत बनवून रोहूला टोचून बघितलं, माशांनी त्याविरुद्ध अँटिबॉडी केल्या. पण प्रयोग आणि बाटली यात अजून बरंच अंतर आहे. सामनच्या उवेचंही तसंच, चिलीमध्ये २०१५ ला तिथल्या उवेविरुद्धची एक लस नोंदली गेली, तरी चिलीतले सामनवाले अजून औषधांशिवाय राहू शकत नाहीत.

लस म्हटली की सगळे नॉर्वेचं नाव घेतात ते बरोबरच आहे. माशाला लस द्यायचा पहिला प्रयोग डफ नावाच्या माणसानं १९४२ ला कॅनडात ट्राउटला खाद्यातून मेलेले जंतू देऊन केला होता, त्याला पुढं कोणी फारसं विचारलं नाही कारण अँटिबायोटिक आली. मग समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेल्या सामनमध्ये रोग वाढले आणि १९८७ ला नॉर्वेत एका वर्षात जवळजवळ ५० टन अँटिबायोटिक माशांना घातलं गेलं, तेव्हा त्यांचं सगळं उत्पादन ५० हजार टनांच्या आसपास होतं. नव्वदच्या सुरुवातीला तेलात मिसळलेल्या, पोटात टोचायच्या लसी आल्या आणि काही वर्षांत अँटिबायोटिक टन दोन टनांवर आलं. आज ते दहा लाख टनांच्या वर सामन काढतात आणि अँटिबायोटिक वर्षाला टनभरसुद्धा नाही. प्रत्येक पिल्लू गुंगी देऊन, पोटात दशांश मिलिलिटर टोचून सोडतात, प्रत्येक, कोट्यवधी. तेलामुळे पोटात आतडी एकमेकांना चिकटतात, माशाला त्याचा त्रास होतो, त्यावरही ते काम करत राहिले.

पण हे सगळं बॅक्टेरियासारख्या जंतूंविरुद्ध. त्याच नॉर्वेत उवेनं त्यांना अजून जेरीस आणलंय. औषधं वापरून वापरून उवा दाद देईनाशा झाल्या, मग गरम पाण्याच्या अंघोळी, पाण्याचा झोत, उवा खाणारे छोटे मासे पिंजऱ्यात सोडणं हे सगळं. तिथं नियम असा आहे की माशामागे सरासरी अर्ध्याहून जास्त मोठी मादी ऊ चालत नाही, आणि वसंतात जंगली सामनची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा तर ०.२. ठरलेल्या दिवशी मोजायचं आणि कळवायचं. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ गप्प बसला, कारण आम्ही नुकत्याच एकावर ३८ मोजल्या होत्या.

अजून एक सांगते आणि तळ्यावर परत येते. सगळे मासे उवेपुढे सारखे हतबल नसतात. पॅसिफिकमधला कोहो सामन आहे, त्याच्यावर ऊ बसली की तिच्या भोवतीची कातडी जोरात सुजते, पेशी वाढतात आणि काही दिवसांत ऊ गळून पडते. अटलांटिक सामनमध्ये तसं फारसं काही होतच नाही, ऊ निवांत बसते. म्हणजे जी सूज आपल्याला दुखणं वाटते ती इथं माशाचा बचाव आहे. म्हणून मला लसीइतकीच आशा निवडपैदाशीची वाटते. आपल्याकडे जयंती रोहू आहे, सिफानं नॉर्वेच्या संस्थेबरोबर मिळून निवड करत करत तयार केलेला, १९९७ ला दिलेला, पण तो मुख्यतः वाढीसाठी निवडलेला. कातडी चांगली लढणारा रोहू निवडता आला तर किती शेतकऱ्यांचं भलं होईल.

तर तळं. उवेचा खरा धोका ती पिते त्या रक्तात नाही, ती मागे ठेवते त्या भोकांत आहे. फिनलंडमध्ये २००६ ला ट्राउटवर केलेला एक प्रयोग मला कायम आठवतो, काहींना फक्त जंतू दिले, काहींना फक्त उवा, काहींना दोन्ही. दोन्ही दिलेल्यांत मरतूक नुसते जंतू दिलेल्यांपेक्षा खूप जास्त आणि लवकर. आपल्याकडे ते जंतू म्हणजे एरोमोनास, प्रत्येक तळ्यात असतातच, धडधाकट माशाचं काही करत नाहीत. चिकटा फाटला, ताण आला, ताणाचं संप्रेरक वाढलं, प्रतिकार खाली गेला की मग तेच जंतू आत. मामाच्या टबातल्या गोणपाटवाल्या माशांचं हेच झालं होतं. आणि थंडीचे दोन महिने माशांचं शरीर आधीच मंद चाललेलं, मग एकदम उन्हं तापली, उवेची अंडी भराभर फुटली, मासा अजून सावरायचाच होता.

औषध टाकायला मी नाही म्हटलं नाही. तालुक्याच्या मत्स्य अधिकाऱ्यांना बोलावून, पाण्याचं माप काढून, त्यांनी सांगितलं तेवढंच टाकलं, कारण ही औषधं थोडी जरी जास्त झाली तर माशाच्या खाण्याचे पाण्यातले बारीक जीवसुद्धा मरतात. पण औषधानं अंडी मरत नाहीत. हे कोणी सांगतच नाही. मादी ऊ अंडी माशावर घालत नाही, मासा सोडून जाते आणि दगड, काठी, पाइप, जे टणक मिळेल त्यावर ओळीनं चिकटवते. या पाण्यात पंधरा दिवसांच्या आसपास ती फुटतात. म्हणून औषध टाकलं, उवा गेल्या, शेतकरी खूश, आणि तीन आठवड्यांनी परत तेच.

म्हणून आम्ही बांबू लावले. आठ बांबू उभे चिरून, दगड बांधून तळ्यात चारी बाजूंनी सोडले, आणि दर आठवड्याला काढून पत्र्यावर उन्हात टाकायचे, दुसरा संच पाण्यात सोडायचा. अंडी सुकली की मेली. पहिल्या आठवड्यात बांबू काढला तेव्हा मी तिथं होते. बांबूच्या आतल्या गुळगुळीत बाजूला पिवळसर पांढरे ठिपके, शिलाईचा दोरा घातल्यासारख्या सरळ दोन दोन, चार चार ओळी, वरून पारदर्शक चिकाचा लेप. मामीनं नखानं खरवडून बघितलं तर निघेनात. "एवढं घट्ट बसवत्यात व्हय!" म्हणाली.

बाकी गोष्टी साध्या आहेत पण मी गड्याकडून करूनच घेतल्या. मासा धरायचा तर हात आधी ओले करायचे. जाळं गाठी नसलेलं, मऊ. मासा मातीवर, कोरड्या पत्र्यावर, गोणपाटावर ठेवायचा नाही, मोजायचा असला तरी पाण्याच्या टबात. दुपारी जाळं ओढायचं नाही. दुसऱ्याच्या तळ्यावरून आलेलं जाळं दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय आपल्यात टाकायचं नाही, आणि नवीन बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आली की थेट तळ्यात न सोडता आठवडाभर वेगळ्या टाकीत ठेवून बघायची, कारण मामाच्या तळ्यात ऊ आली ती बहुतेक अशीच बीजाबरोबर आली. व्हिटॅमिन सी घाला ना खाद्यातून, मी थांबवलं नाही, उरलेली बाटली संपेपर्यंत घालच म्हटलं मामाला. फक्त तिला लस म्हणू नकोस, आणि कुणी लस म्हणून विकत असेल तर त्याला विचार की कुठल्या रोगाची, कुठल्या संस्थेनं तपासलेली, आणि लेबलवर तसं छापलंय का.

काल रात्री मामाचा मेसेज आला, आता बोलून टाइप करतो तो फोनवर. "१० मासं मोजलं. ४, २, ०, ३, १, ०, ०, ५, २, १. बांबूवर या आठवड्यात दोनच वळी." टबातल्या जखमी माशांपैकी सात वाचले, त्यांच्या पाठीवर नवीन कातडी आलीय, खवलं अजून नाहीत. उद्या त्यांना तळ्यात सोडणार आहे म्हणाला, ओल्या हातानं.